गुलाबाचा काटा टोचून त्याने शरीरातले पहारेकरी शोधले, आज नॅनो औषधांची गाठ त्यांच्याशीच पडते

२०२१ चा मे महिना आठवतोय का? कोरोनाची दुसरी लाट सुरू होती आणि महाराष्ट्रात एक नवीन शब्द घरोघरी पोचला होता, म्युकरमायकोसिस. लोक त्याला काळी बुरशी म्हणायला लागले. घरातलं माणूस कोरोनातून वाचलं म्हणून सुटकेचा श्वास घ्यावा, तर काही दिवसांत डोळा सुजायचा, गाल दुखायचा आणि डॉक्टर चिठ्ठीवर एक इंजेक्शन लिहून द्यायचे. लिपोसोमल अँफोटेरिसिन बी. मग सुरू व्हायची पळापळ. या मेडिकलमधून त्या मेडिकलमध्ये, या जिल्ह्यातून त्या जिल्ह्यात.

त्या नावातला लिपोसोमल हा शब्द महत्त्वाचा होता. अँफोटेरिसिन बी हे औषध जुनं. बुरशी मारतं, पण किडनीला जड जातं. म्हणून ते चरबीसारख्या पदार्थाच्या इवल्याशा फुग्यात भरून देतात. त्या फुग्याला म्हणायचं लिपोसोम. या इंजेक्शनातला एकेक फुगा १०० नॅनोमीटरपेक्षाही लहान असतो. एक नॅनोमीटर म्हणजे एका मीटरचे शंभर कोटी तुकडे केले तर त्यातला एक. थोडक्यात, आज ज्याला नॅनो औषध म्हणतात त्याचंच हे एक उदाहरण.

पण औषध रक्तात गेलं आणि थेट दुखण्याच्या जागी पोचलं, एवढं सोपं नसतं. वाटेत नाकाबंदी असते. शरीरातल्या काही पेशींचं कामच हे, की बाहेरचं जे दिसेल ते धरायचं आणि गिळून टाकायचं. मग तो जंतू असो, धूळ असो, की हजारो रुपयांचं औषध असो.

या पेशींचं खरं काम काय, हे पहिल्यांदा ओळखणारा माणूस डॉक्टर नव्हता. तो समुद्रातल्या किड्यांचा अभ्यास करणारा प्राणिशास्त्रज्ञ होता. त्याचं नाव इल्या मेचनिकोव.

दोन वर्षांत डिग्री आणि एकामागोमाग एक धक्के

मेचनिकोवचा जन्म मे १८४५ चा. तेव्हाच्या रशियन साम्राज्यातल्या आणि आजच्या युक्रेनमधल्या खारकीव्ह भागातला. वडील झारच्या सैन्यात अधिकारी, आई ज्यू घराण्यातली. पाच भावंडांमध्ये हा धाकटा. पोरगा हुशार आणि तितकाच उतावळा. खारकीव्ह विद्यापीठातला चार वर्षांचा अभ्यासक्रम त्याने दोन वर्षांत संपवला आणि पुढच्या शिक्षणासाठी जर्मनी गाठली. १८६५ मध्ये तिथे एका चपट्या किड्याचं निरीक्षण करताना त्याला एक गोष्ट दिसली. हा किडा अन्न पोटात नाही, तर थेट पेशींच्या आत पचवत होता. तेव्हा ही नुसती गंमत वाटली, पण हाच धागा पुढे कामाला आला.

१८६९ मध्ये त्याचं लग्न ल्युडमिलाशी झालं. तिला क्षयरोग होता आणि लग्नाच्या वेळी ती इतकी अशक्त होती, की तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावं लागलं. त्या काळात क्षयावर औषध नव्हतं. हवापालट करायचा आणि वाट बघायची, एवढंच हातात. मेचनिकोव तिला घेऊन युरोपभर फिरला. शेवटी १८७३ मध्ये मदेरा बेटावर ती गेली. तो इतका खचला की त्याने स्वतःचं आयुष्य संपवण्याचा प्रयत्न केला. त्यातून तो वाचला.

दोन वर्षांनी त्याने ओल्गाशी लग्न केलं. १८८० मध्ये तिला टायफॉइडने गाठलं. ती बचावली, पण त्या ताणाने मेचनिकोव पुन्हा कोसळला. पुढच्या वर्षी त्याने उलटून येणाऱ्या तापाच्या रुग्णाचं रक्त स्वतःला टोचून घेतलं. मरण आलंच, तर निदान विज्ञानाच्या कामी यावं हा हिशोब. भयंकर आजारी पडला, पण पुन्हा वाचला. पुढे त्याची साथ आयुष्यभर दिली ती ओल्गानेच, आणि त्याचं चरित्रही तिनेच लिहिलं.

एकाच रोगाने एक माणूस जातो आणि दुसरा उठून बसतो, हे त्याने स्वतःच्या घरात बघितलं होतं. शरीर कधी जिंकतं आणि कधी हरतं, याचं उत्तर तेव्हा कुणाकडेच धड नव्हतं.

सगळे सर्कशीला गेले, तो घरी थांबला

१८८१ मध्ये झार अलेक्झांडर दुसरा याची हत्या झाली आणि रशियातलं वातावरण बिघडलं. विद्यापीठांत राजकारण शिरलं. मेचनिकोव तेव्हा ओडेसाच्या विद्यापीठात प्राध्यापक होता. १८८२ मध्ये त्याने राजीनामा दिला आणि ओल्गा व तिच्या लहान भावंडांना घेऊन इटलीत सिसिली बेटावरच्या मेसिना गावात मुक्काम टाकला. घराच्या दिवाणखान्यातच प्रयोगशाळा थाटली. समोर समुद्र, त्यात हवे तेवढे जीव.

एके दिवशी घरचे सगळे सर्कशीत माकडांचे खेळ बघायला गेले. मेचनिकोव एकटाच मायक्रोस्कोपला डोळा लावून बसला होता. समोर होती स्टारफिशची पिल्लं. ही पिल्लं काचेसारखी पारदर्शक असतात, त्यामुळे आत काय चाललंय ते जिवंतपणीच दिसतं. त्यांच्या शरीरात काही पेशी इकडून तिकडे फिरत होत्या. रंगाचे बारीक कण आत गेले, की याच पेशी ते गिळतात, हे त्याला माहीत होतं.

आणि एकदम त्याच्या डोक्यात विचार आला. या पेशी अन्नासाठीच नाही, तर बचावासाठीही गिळत असतील तर?

तपासायला सोपा उपाय होता. पिल्लाच्या शरीरात बाहेरची वस्तू खुपसायची. विचार बरोबर असेल, तर या पेशी तिच्याभोवती गोळा व्हायला हव्यात. आपल्या बोटात काटा मोडला की तिथे पू होतो, तसंच. त्याने बागेतल्या गुलाबाचे काटे आणले आणि पिल्लांच्या पारदर्शक कातडीखाली खुपसले. रात्रभर त्याला झोप लागली नाही.

सकाळी बघितलं, तर काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडला होता.

त्या पिल्लाला रक्तवाहिन्या नाहीत. तरी पेशी आपणहून आल्या होत्या. म्हणजे बचाव करणं हे त्या पेशींचंच काम होतं. या पेशींना नाव मिळालं फॅगोसाइट, म्हणजे भक्षक पेशी. हे नाव सुचवलं व्हिएन्नाच्या कार्ल क्लाउस या प्राणिशास्त्रज्ञाने. त्यातल्या मोठ्या पेशींना मेचनिकोवने पुढे मॅक्रोफेज म्हटलं, आणि ते नाव आजही तसंच आहे.

डॉक्टर मंडळी नेमकी उलटी गोष्ट मानत होती

पांढऱ्या पेशींच्या पोटात जंतू दिसतात, हे डॉक्टरांना आधीच माहीत होतं. फक्त अर्थ उलटा लावला जायचा. जंतू या पेशींत शिरतात आणि त्यांच्यावर स्वार होऊन शरीरभर पसरतात, असं अनेकांचं म्हणणं. मेचनिकोव सांगत होता, जंतू पेशीत शिरत नाही, पेशी जंतूला गिळते.

१८८४ मध्ये त्याने आणखी पक्का पुरावा दिला. यावेळी प्राणी होता डॅफ्निया, म्हणजे गोड्या पाण्यातली पारदर्शक पिसू. तिला एका यीस्टची लागण होते. त्याचे सुईसारखे बीजाणू आतडं भेदून शरीरात घुसतात. भक्षक पेशींनी ते वेळेत गिळून पचवले, तर पिसू जगायची. बीजाणू आधी रुजले, तर पिसू मरायची. शरीर कधी जिंकतं आणि कधी हरतं, याचं निदान एका छोट्या जिवापुरतं तरी उत्तर डोळ्यासमोर होतं.

पण कौतुक कमी आणि टीकाच जास्त झाली. एक तर हा डॉक्टर नाही, वर किड्यांवरून माणसाबद्दल बोलतो. १८८६ मध्ये ओडेसात जंतुशास्त्राचं केंद्र निघालं आणि मेचनिकोव त्याचा प्रमुख झाला. तिथेही स्थानिक डॉक्टरांशी खटके उडाले. त्यात १८८८ मध्ये केंद्राच्या अँथ्रॅक्स लसीकरणात हजारो मेंढ्या दगावल्या. बर्लिनच्या रॉबर्ट कॉखला त्याने आपलं काम दाखवलं, तर तिथेही थंड प्रतिसाद. शेवटी हात दिला पॅरिसच्या लुई पाश्चरने. त्याने आपल्या नव्या संस्थेत मेचनिकोवला प्रयोगशाळा दिली. १८८८ साली तो तिथे गेला आणि शेवटपर्यंत तिथलाच झाला.

इथे मुंबईशी जोडणारा एक धागा आहे. ओडेसात मेचनिकोवच्या हाताखाली शिकलेला एक ज्यू विद्यार्थी त्याच्या पाठोपाठ पाश्चर संस्थेत आला आणि लायब्ररीत सहाय्यक म्हणून लागला. त्याचं नाव वाल्डेमार हाफकिन. त्याने कॉलऱ्याची लस बनवून आधी स्वतःला टोचली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजात बसून त्याने प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये तीही आधी स्वतःलाच टोचून घेतली. परळची हाफकिन इन्स्टिट्यूट ती याच माणसाच्या नावाची.

पेशी मोठी की रक्तातलं पाणी?

पॅरिसला जागा मिळाली, पण भांडण मिटलं नाही. उलट पेटलं. १८९० मध्ये बर्लिनमध्ये बेहरिंग आणि किटासाटो यांनी दाखवलं, की डिप्थेरिया आणि धनुर्वातापासून वाचलेल्या प्राण्याच्या रक्तातला नुसता सीरम, म्हणजे पेशी काढून टाकलेलं रक्तातलं पाणी, दुसऱ्या प्राण्याला वाचवू शकतो. म्हणजे पेशींची गरजच नाही? जर्मन गट म्हणायला लागला, बचाव होतो तो सीरममधल्या पदार्थांमुळे. पेशी फक्त मेलेलं उचलणाऱ्या झाडूवाल्या.

त्याला सर्वांत जिव्हारी लागणारा पुरावा त्याच्याच प्रयोगशाळेतून आला. १८९५ मध्ये तिथे काम करणाऱ्या ज्यूल बोर्डे या तरुणाने दाखवलं, की सीरममधले दोन पदार्थ मिळून जंतूंना फोडून टाकतात. मेचनिकोव वाद घालायचा, चिडायचा, नवे प्रयोग लावायचा. पण स्वतःच्या मताविरुद्ध जाणारा हा शोध त्याच्याच छताखाली लागला, ही गोष्टही त्याच्या बाजूने मोजायला हवी.

मग १९०३ मध्ये लंडनला आल्मरॉथ राइट आणि स्टुअर्ट डग्लस यांनी एक प्रयोग केला आणि दोन्ही बाजू एकत्र आल्या. सीरममधले पदार्थ जंतूला चिकटतात, आणि असा लेप बसलेला जंतू भक्षक पेशी कितीतरी पटकन गिळतात. या पदार्थांना नाव दिलं ऑप्सोनिन. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ जेवण तयार करणं असा. सोप्या भाषेत सांगायचं, तर सीरम मसाला लावून ताट वाढतं आणि पेशी जेवतात.

१९०८ चं नोबेल दोघांना विभागून मिळालं. एक पेशींच्या बाजूचा मेचनिकोव, दुसरा सीरमच्या बाजूचा जर्मनीचा पॉल एर्लिख.

आता येऊया नॅनो औषधांकडे

हाच एर्लिख एक स्वप्न बघायचा. जादूची गोळी. बंदुकीतून सुटावी तशी जाईल, फक्त रोगाला लागेल आणि बाकी शरीराला धक्काही लागणार नाही. आजची नॅनो औषधं म्हणजे त्याच स्वप्नाचा पुढचा भाग. पण त्या गोळीच्या वाटेत उभी आहे ती मेचनिकोवची पेशी. नोबेल वाटून घेणाऱ्या दोघांचं भांडण अजून आपल्या रक्तात सुरू आहे म्हणा ना.

कण शिरेतून आत गेला की काय होतं ते बघा. काही क्षणांतच रक्तातली प्रथिनं त्याला चिकटतात आणि कणावर एक थर चढतो. या थराला शास्त्रज्ञ प्रोटीन करोना म्हणतात. त्याचा विषाणूशी संबंध नाही, करोना म्हणजे इथे नुसतं कडं. कंपनीने कण कसाही बनवलेला असो, पेशींना दिसतो तो हा थर. त्यात अँटिबॉडी किंवा बोर्डेच्या प्रयोगातली सीरमची प्रथिनं असली, तर मसाला लागलाच म्हणून समजा.

मग येते नाकाबंदी. ५-६ नॅनोमीटरपेक्षा लहान कण किडनीतून गाळले जाऊन लघवीवाटे निघून जातात. त्याहून मोठे बरेचसे कण यकृत आणि प्लीहेत अडकतात. यकृतात रक्त सावकाश वाहतं आणि तिथे भिंतीला चिकटून बसलेल्या मॅक्रोफेज असतात, त्यांना कुप्फर पेशी म्हणतात. त्या कणाला वेढतात, आत ओढतात आणि पेशीच्या आतल्या आम्लाच्या पिशवीत टाकतात. स्टारफिशच्या पिल्लात रंगाच्या कणांचं जे व्हायचं, तेच.

यात नुकसान किती? २०१६ मध्ये टोरांटोच्या संशोधकांनी आधीच्या दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र करून हिशोब मांडला. कॅन्सरच्या गाठीसाठी दिलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोचले ते साधारण ०.७ टक्के. म्हणजे १००० कण सोडले तर ७. यामागचं एक मोठं कारण म्हणजे हेच पहारेकरी.

मग चुकवायचं कसं? एक उपाय आहे वेषांतराचा. कणावर पॉलिएथिलीन ग्लायकॉल, थोडक्यात पेग, नावाच्या पदार्थाच्या शेपट्या लावायच्या. त्या पाणी धरून ठेवतात, त्यामुळे प्रथिनं कमी चिकटतात आणि पहारेकऱ्यांना कण उशिरा ओळखू येतो. डॉक्सिल हे कॅन्सरचं औषध असंच बनलं. १९९५ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. आतलं औषध जुनंच, डॉक्सोरुबिसिन. ते हृदयाला इजा करतं. वेषांतर केलेल्या फुग्यात भरल्यावर ते दोन-तीन दिवस रक्तात फिरत राहतं आणि हृदयावरचा मार कमी होतो.

पण शरीरही काही कमी नाही. काही लोकांच्या शरीरात पेगविरुद्धच अँटिबॉडी तयार होतात, मग दुसरा डोस पहिल्यापेक्षा लवकर पकडला जातो. काहींना तर इंजेक्शन सुरू होताच सीरममधली प्रथिनं भडकून धाप लागते, अंग लाल होतं. म्हणूनच अशी औषधं सुरुवातीला हळू सोडतात आणि रुग्णावर लक्ष ठेवतात.

चुकवण्यापेक्षा पहारेकऱ्यालाच कामाला लावलं तर?

काळा आजार हा याचा सर्वांत चांगला दाखला. बिहारमध्ये या रोगाने पिढ्यान्पिढ्या गरिबांचे जीव घेतले. त्याचा परजीवी लपतो कुठे, तर थेट मॅक्रोफेजच्या पोटात. पोलीस ठाण्यातच चोराने घर करावं तसं. अशा वेळी यकृत आणि प्लीहेच्या मॅक्रोफेजनी औषध गिळणं हेच तर हवं असतं. लिपोसोमल अँफोटेरिसिन बी शिरेतून दिलं, की पहारेकरी सवयीप्रमाणे फुगे गिळतात आणि औषध बरोबर चोराच्या खोलीत जातं. भारतात काळ्या आजारासाठी या औषधाचा एकच डोस वापरला जातो. पूर्वी याच रोगासाठी आठवडेच्या आठवडे इंजेक्शनं घ्यावी लागायची.

२०२१ मध्ये आपल्याकडे लोक ज्याच्यासाठी पळत होते, तेच हे औषध.

लसींमध्येही हीच युक्ती आहे. एमआरएनए लसीत चरबीच्या नॅनोकणात संदेश भरलेला असतो. दंडात सुई टोचली की तिथल्या आणि जवळच्या लसिका गाठींमधल्या पहारेकरी पेशी तो उचलतात, वाचतात आणि बाकीच्या फौजेला खबर देतात. २०२२ मध्ये भारताच्या पहिल्या एमआरएनए कोविड लसीला आपत्कालीन वापराची मंजुरी मिळाली, ती पुण्याच्या जेनोव्हा कंपनीची.

दही, म्हातारपण आणि शेवट

नोबेलच्या आसपास मेचनिकोव एका वेगळ्याच विषयाच्या मागे लागला होता. म्हातारपण. आतड्यातले वाईट जंतू विष तयार करतात आणि त्याने माणूस लवकर म्हातारा होतो, असं त्याचं मत. उपाय म्हणून तो रोज आंबवलेलं दूध प्यायचा. बल्गेरियातल्या दह्यातल्या जंतूंबद्दल तो बोलला आणि युरोपात दह्याची लाटच आली. त्याचे सगळे दावे टिकले नाहीत, पण आज दुकानात प्रोबायोटिक म्हणून जे विकलं जातं, त्याची सुरुवात या माणसापर्यंत जाऊन पोचते.

पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि त्याची प्रयोगशाळा ओस पडली. हाताखालची तरुण पोरं आघाडीवर गेली. त्याचं हृदय आधीच थकलं होतं. १५ जुलै १९१६ ला पॅरिसमध्ये, वयाच्या ७१ व्या वर्षी तो गेला. त्याच्या अस्थी पाश्चर संस्थेच्या लायब्ररीत ठेवल्या आहेत.

त्याच्यानंतर कित्येक वर्षं अँटिबॉडीचाच बोलबाला राहिला आणि भक्षक पेशी मागे पडल्या. २०११ चं वैद्यकातलं नोबेल मिळालं ते शरीराच्या याच जन्मजात बचावावर आणि पहारेकरी पेशींवर काम करणाऱ्या तिघांना, तेव्हा चाक पूर्ण फिरलं.

ज्या क्षयाने ल्युडमिला गेली, त्याचे जंतूही मॅक्रोफेजच्याच पोटात लपून बसतात. त्या खोलीपर्यंत नॅनोकणांतून औषध पोचवायचे प्रयोग आज जगभरातल्या प्रयोगशाळांमध्ये सुरू आहेत. आणि त्यांना रस्ता विचारावा लागतो, तो मेसिनात गुलाबाचा काटा घेऊन बसलेल्या त्या माणसालाच.